जोमाच्या घरचा माणूस

राजदूत राहिलेल्या माणसाला टायपिंगच्या क्लासात बसायला काय द्यायचं, हा प्रश्न पडला तेव्हा मी चांगलीच गडबडले होते. पेणच्या बाजारपेठेत, वरच्या मजल्यावर माझा क्लास. बारा मशिनं, बारा बाकं आणि माझी एकुलती एक खुर्ची, तिचाही एक हात सैल. शेजारी गणपतीचा कारखाना, त्यामुळे मशिनांवर सतत पांढरी भुकटी बसायची आणि ती झटकण्यात माझी अर्धी सकाळ जायची. त्या दिवशी मी झटकतच होते. दारात एक उंच, सावळे, सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ उभे. पांढरा बुशशर्ट, काखेत कापडी पिशवी.

"मी काशिनाथ," ते म्हणाले. "मला एक पुस्तक टाइप करून हवंय. मी बोलेन, तुम्ही टाइप करायचं. जमेल?"

पुढचं नाव त्यांनी सांगितलं नाही आणि गरजही नव्हती. माझं माहेर रोह्याचं. माझा थोरला भाऊ रोह्याच्या शाळेत त्यांच्याकडे इतिहास शिकला होता, आणि "काशिनाथ सर काय म्हणाले" हे ऐकता ऐकता आमच्या घरात ताटातला भात गार व्हायचा. पुढे सर मुंबईला कॉलेजात गेले, कोकणातल्या बंदरांवर प्रबंध लिहून डॉक्टर झाले, त्या बंदरांच्या नादाने अरबी शिकले, आणि त्या अरबीमुळे दिल्लीत कुणाच्या तरी नजरेत भरले. एका दूतावासात सल्लागार, मग दुसऱ्या देशात राजदूत. परत आल्यावर पाच वर्षं एका विद्यापीठाचे कुलगुरू. आणि आता हा माणूस माझ्या क्लासात, पायातल्या चपला दाराबाहेर काढून.

मी माझी खुर्ची पुढे केली. ते सरळ पहिल्या बाकावर जाऊन बसले.

"खुर्ची तुमच्याकडेच राहू दे, बाई. माझा सगळा जन्म कुणी कुठं बसायचं हे ठरवण्यात गेला."

हे ते गमतीने बोलले असं मला वाटलं होतं. पुढच्या दोन वर्षांत कळलं की गंमत अजिबात नव्हती. त्यांचं मत असं, की कुठल्याही भांडणात निम्मं भांडण बसण्याचं असतं. कोण दाराकडे तोंड करून बसला, कुणाच्या पाठीवर ऊन आलं, कुणाला चहा आधी मिळाला. दोन देशांची बोलणी एकदा दोन दिवस अडली, कारण दालनाला दारच एक होतं आणि आधी आत कुणी जायचं ते ठरेना. सरांनी माळ्याला सांगून बागेत टेबलं मांडली. कुलगुरू असताना पोरांनी त्यांना घेराव घातला, तर हे म्हणाले, आधी सगळ्यांना बसायला आणा. शिपायांनी इमारतभरच्या खुर्च्या गोळा करून गोल मांडल्या. त्यात दोन तास गेले, तोवर घोषणा देणाऱ्यांचे घसे बसले, आणि बोलणी अर्ध्या तासात संपली. हा किस्सा सांगताना त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत.

रोज सकाळी दहाला यायचे. हात मागे बांधून बाकांमधून फेऱ्या घालत मजकूर सांगायचे. पूर्णविराम मोठ्याने म्हणायचे, टपाल कचेरीत शिक्का मारतात तसा. मूळ प्रत एक, कार्बनच्या दोन. कार्बनची प्रत फिकी आली की मान हलवून म्हणायचे, "विचार करू." हे त्यांचं ‘नाही’ होतं. सरळ ‘नाही’ म्हणायची त्यांना सवयच राहिली नव्हती. एकदा भाजीवालीने वालाच्या शेंगा घ्या म्हटलं, तर हे "विचार करू" म्हणून वर आले. तासाभराने मी खाली उतरले तर ती बिचारी दोन किलो शेंगा बाजूला काढून वाट बघत बसलेली. मग मीच त्या घेतल्या, आणि आठवडाभर आमच्याकडे वालाशिवाय काही शिजलं नाही.

पुस्तक मात्र सुंदर होत होतं. माणसं, शहरं, बंदरं, सगळं डोळ्यांसमोर उभं करायचे. एकच खटकायचं. दहा प्रकरणं झाली तरी त्यात सरांची एकही चूक नव्हती. जिथे काही बिघडलं, तिथे ‘असे निदर्शनास आले’ आणि ‘उभय पक्षांनी पुनर्विचार केला’. एकदा न राहवून मी विचारलं, "सर, एवढ्या वर्षांत तुम्ही कधी चुकलातच नाही?"

ते थांबले. "पुष्कळदा चुकलो, बाई. पण आमच्या धंद्यात चूक कागदावर आणायची नसते. हळूहळू ती मनावरही येत नाही."

आणि पुढचं वाक्य सांगायला लागले.

दर गुरुवारी ते पेणहून गाडीने रोह्याला जायचे. जुन्या शाळेच्या ग्रंथालयात दोन तास बसायचं, दोन-चार पोरांना काही सांगायचं आणि परत. मलाही आईला भेटायला जायचं असलं की मी बरोबर असायची. अशाच एका गुरुवारी पेणच्या फलाटावर त्यांच्या गावच्या दोन बायका भेटल्या. त्यांचं गाव इथलंच, खाडीकाठचं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून माझ्याकडे अर्ज टाइप करायला येतात. सर डब्यात शिरले तशा त्या दोघी टोपल्यांसकट उठून उभ्या राहिल्या.

"बसा, सायेब."

"तुम्ही बसा गो," सर म्हणाले.

त्यांच्या तोंडून ‘गो’ मी पहिल्यांदा ऐकलं. बायका हसल्या, पण बसल्या नाहीत. सरही बसले नाहीत. नागोठण्यापर्यंत ती जागा रिकामी आणि आम्ही चौघं उभे. रोह्याला उतरल्यावर ते म्हणाले, "त्यातली थोरली माझ्याबरोबर चिंबोऱ्या पकडायची. तेव्हा मला काश्या म्हणायची, आणि चिखलात ढकलून द्यायची." मला त्यांची फार दया आली, आणि राजदूताची दया येते म्हणून स्वतःचं हसूही आलं.

गावात त्यांचं घर होतं. जोमाचं घर, जोमा त्यांचे वडील. त्या घरात त्यांची विधवा बहीण राहायची, हिराबाई. सरांपेक्षा चार वर्षांनी मोठी. घरची थोडी भातशेती तीच करायची. खाडीच्या पाण्याला अडवणाऱ्या बांधामागची ती जमीन. अशा गावांत एक रीत आहे. बांध फुटला की घरटी एक माणूस चिखल वाहायला आलाच पाहिजे. बांधावर उभं राहून एकेका घराचं नाव पुकारतात, आणि त्या घरच्या माणसाने ‘हाय’ म्हणायचं. जोमाच्या घराचं नाव पुकारलं की पस्तीस वर्षं हिराबाई ‘हाय’ म्हणत होती. भाऊ परदेशात, नाहीतर विद्यापीठात.

सर पेणला राहायला आल्यावर तिला म्हणाले, "आता मी येत जाईन."

ती म्हणाली, "नको सायेब. लोक काय बोलतील?"

सख्खी बहीणसुद्धा चारचौघांत त्यांना सायेबच म्हणायची. मला वाटतं, पुस्तकाबिस्तकापेक्षा सरांना तेवढं एकच हवं होतं. गावाने एकदा त्यांच्या बापाच्या घराचं नाव पुकारावं आणि त्यांनी उत्तर द्यावं.

त्र्याण्णव साली गाव आपणहून त्यांच्या दारी आलं. भांडण जुनंच. खाडीच्या फाट्यावर एक उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी फळ्यांचं दार, उघडलं की पाणी आत, मिटलं की बाहेर. मिठागरवाल्यांना दिवाळी झाली की वाफे भरायला खारं पाणी हवं. शेतकऱ्यांचं भात तेव्हा अजून उभं, त्यांना एक थेंब नको. दर वर्षी उघाडीवर शिवीगाळ व्हायची, त्या वर्षी टिकाव-फावडी निघाली. मग कुणीतरी म्हणालं, आपला सायेब जगभरची भांडणं मिटवून आलाय, त्यालाच विचारा.

सरांनी बैठक ठेवली माझ्या क्लासात. देवळात नको, शाळेत नको, गावाबाहेर हवी. एक शेतकरी, एक मिठागरवाला, असं आळीपाळीने सगळ्यांना बाकांवर बसवलं. प्रत्येकासमोर एक टाइपरायटर. मिठागरवाल्यांचा पुढारी नामा, त्याचं बोट सारखं एकाच अक्षरावर. कुणी आवाज चढवला की आधी त्याचा हात मशिनवर आपटायचा, खडाड असा आवाज व्हायचा आणि सगळे हसायचे. हसत हसत दोन दिवसांत करार झाला. उघाडी सांभाळणारा बाळाराम कोपऱ्यात उकिडवा बसला होता. सरांनी त्याला विचारलं, पाणी संथ कधी असतं. तो म्हणाला, "आता वीस तारकंला बारानंतर सोडा. सावकाश येल, भाताला बाधणार नाय."

सरांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. कलमं नऊ. दर वर्षी वीस नोव्हेंबरला दुपारी बारा ते चार उघाडी उघडावी, त्याआधी नाही, त्यानंतर नाही. नववं कलम असं, की निसर्गाच्या कोपाने काही नुकसान झाल्यास कोणासही जबाबदार धरू नये. दोन्हीकडच्या सह्या, अंगठे, खाली सरांची सही. मूळ प्रत चौकटीत बसवून गावच्या देवळात लावली. त्या वर्षी सगळं सुरळीत पार पडलं. गावाने सरांना शाल दिली, शाळेतून खुर्ची आणून मंडपात बसवलं. परत येताना एस.टी.त मी म्हटलं, "सर, आता खुश ना?" तर म्हणाले, "खुर्ची दिली, बाई. खुर्ची पाहुण्याला देतात."

पुढच्या वर्षी कापणी लांबली. वीस नोव्हेंबर आला. बाळारामने दुपारी बाराला उघाडी उघडली आणि पाणी धावत आत आलं. तासाभरात आतला बांध फुटला आणि उभ्या भातात खाडी शिरली. पहिलं शेत हिराबाईचं. खारं पाणी एकदा जमिनीत मुरलं की दोन-तीन पावसाळे तिथे धड काही पिकत नाही, हे मी रोह्याची असले तरी मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सर नेहमीसारखे दहालाच आले. बसले नाहीत. म्हणाले, "बाई, कराराची कार्बन प्रत काढा. आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर असेल तर तेही."

जुनं कॅलेंडर मी कपाटाच्या खणात अंथरलं होतं. काढून दिलं. त्यांनी दोन्ही वर्षांचे नोव्हेंबर शेजारी शेजारी ठेवले आणि बोट ठेवलं. गेल्या वर्षी वीस तारखेला शुद्ध सप्तमी. ह्या वर्षी वीस तारखेला त्रिपुरी पौर्णिमा नुकतीच उलटलेली. भरतीला इंग्रजी तारीख कळत नाही. ती तिथीवर येते. पुनवेच्या उधाणाचं पाणी ऐन दुपारी चढतं आणि आम्ही नेमकी तीच दुपार कागदावर बांधून ठेवली होती.

"आपण तारीख लिहिली," मी म्हणाले.

"आपण नाही. मी." ते म्हणाले. "बंदरांवर पाचशे पानं लिहिली मी, बाई. भरती तिथीवर येते हे मला आईने अंगणात बसून शिकवलं होतं."

मी वेड्यासारखं नववं कलम दाखवलं. निसर्गाचा कोप. त्यांनी ते वाचलं, माझ्या टेबलावरची निळी पेन्सिल उचलली आणि त्यावर एक सरळ रेघ मारली. मग म्हणाले, "कागद लावा. माफीचं पत्र." मी कागद लावला. ते फेऱ्या घालू लागले. चार फेऱ्या झाल्या, सहा झाल्या. एकही शब्द आला नाही. शेवटी चपला घालून निघून गेले. तो कोरा कागद मी संध्याकाळपर्यंत मशिनमध्ये तसाच ठेवला.

बांध बांधायचा दिवस गावाने ठरवला तो अष्टमीचा, पाण्याचा जोर नसतो तेव्हाचा. तो तारखेवर ठरला नव्हता, हे सांगायला नकोच. सरांनी मला निरोप पाठवला, येता का? मी गेले. करार ह्या हातांनीच तर टाइप केला होता.

बांधावर सगळं गाव. शेतकरी होतेच, पण नामा आणि त्याचे मिठागरवालेही आलेले. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. दोघं जण पळत गेले आणि शाळेतून खुर्ची घेऊन आले. तीच, मंडपातली. बांधावर सपाट जागा बघून मांडली, खांद्यावरच्या पंच्याने पुसली.

"बसा, सायेब."

मला त्या क्षणी वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सर खुर्चीसमोर उभे राहिले. हात नेहमीसारखे मागे बांधले, मग सोडले.

"मी बसायला आलो नाही," ते म्हणाले. आवाज बारीक होता. "चूक माझी झाली. पाणी तिथीवर येतं, हे मी विसरलो. ह्या गावात जन्मून विसरलो. बाळारामची चूक नाही, नामाची नाही, कुणाचीच नाही. माझी."

मग बाळाराम पुढे आला. "मना पानी दिसत व्हता, सायेब. पन कागदात बारा लिवलेले. मी नाय उघारली तर हे मिठागरवाले बोलतील, करार मोरला."

"आमी पन बघत व्हतो," नामा म्हणाला. "आमी थांब बोललो असतो, तर शेतकरी बोलले असते, याना आता पानी बी नको, मंग भांडत कशाला व्हते? कागदाला भ्यालो आमी सगले."

आधी ही माणसं भांडत होती तेव्हा पाण्याकडे बघून भांडत होती. आम्ही त्यांना कागदाकडे बघायला शिकवलं. हे मला तिथे, चिखलात उभं राहून कळलं, आणि मला माझीच लाज वाटली.

बाळारामने पुकारायला सुरुवात केली. एकेक घराचं नाव, एकेक ‘हाय’. ज्याचं नाव येई तो खाली उतरून रांगेत उभा राही. हिराबाई पदर खोचून तयारच होती. तिचं भात तिच्यामागे आडवं पडलेलं, काळवंडलेलं.

"जोमाचा घर!"

हिराबाईने तोंड उघडलं. तेवढ्यात सर म्हणाले, "हाय."

बाळाराम थांबला. त्याने हिराबाईकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. ती भावाकडे बघत होती. सरांनी बुशशर्ट काढून माझ्या हातात दिला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बहिणीसमोर जाऊन उभे राहिले. विनवणी केल्यासारखे उभे राहिले, दुसरा शब्द मला सुचत नाही.

हिराबाईने हातातली चिखल वाहायची पाटी त्यांना दिली.

बाळारामने पुढचं नाव पुकारलं. सर बांध उतरून रांगेत गेले. त्यांच्या एका बाजूला नामा, दुसऱ्या बाजूला कुणी शेतकरी. चिखलाची भरलेली पाटी हातोहात येऊ लागली. पहिली पाटी सरांच्या हातातून निसटली आणि नामाच्या पायावर पडली. नामा काहीतरी बोलला, चांगला शब्द नव्हता तो. सर हसले.

पुढे सर चार वर्षं होते. करार देवळातून काढला गेला, उघाडी परत बाळारामच्या डोळ्यावर आणि लोकांच्या भांडणावर चालू लागली. हिराबाईच्या शेतात दोन पावसाळे नुसतं गवत उगवलं, आणि सर दर रविवारी जाऊन ते उपटायचे. पुस्तक दहाव्या प्रकरणावरच राहिलं. अकरावं सांगा म्हटलं की म्हणायचे, "विचार करू." त्यांच्यानंतर लोक माझ्याकडे त्यांच्या आठवणी मागायला आले, फोटो मागायला आले, राजदूताच्या पोशाखातला असेल तर बरा असं म्हणाले. माझ्यापाशी तसला फोटो नाही. डोळे मिटले की मला दिसतो तो अष्टमीचा बांध. दुपार कलत आलेली, रांगेत पाट्या फिरताहेत, सरांच्या छातीपर्यंत चिखल, धाप लागलेली.

आणि बांधावर ती शाळेची खुर्ची. तिच्यात हिराबाई बसलेली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तिला बांधावर काही काम नव्हतं. बुटकी बाई, पाय जमिनीला टेकत नव्हते. आधी ती अवघडून टोकावर बसली, मग हळूच मागे रेलली, खुर्चीच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले, आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"काश्या, वाकून घे रं पाटी! कंबर मोरंल तुजी!"

"व्हय गो," सर म्हणाले, आणि वाकले.